गिरजाबाईंची दुनळी

फोन आला तेव्हा मी यवतमाळजवळ लोहाऱ्याला आमच्या घराच्या ओट्यावर बसून शेजारणीशी भांडत होते. भांडण कशावरून होतं ते आता आठवत नाही, पण मी जिंकत होते एवढं नक्की. माझा मुलगा मिलिंद आतून आला, फोन माझ्या हातात दिला आणि माझ्याजवळ उकिडवा बसला. पलीकडून गावाकडची, शेजारच्या घरातली लक्ष्मी बोलत होती. "मावशी, बाई गेल्या व... चहा घेऊन गेली तं उठल्याच नाही. हात थंडागार." मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला आणि शेजारणीकडे वळून भांडण जिथं सोडलं होतं तिथून पुन्हा धरलं. दोनतीन वाक्यं झाल्यावर लक्षात आलं की समोरून उत्तर येत नाही. शेजारीण रडत होती. तिनं फोनवरचं ऐकलं होतं. मी मात्र ऐकूनही ऐकलं नव्हतं.

गिरजाबाई माझ्या नणंद. आमच्या मास्तरांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, थोरल्या बहीण. सगळा गाव त्यांना 'बाई' म्हणायचा, म्हणून मीही बाईच म्हणायचे. वय त्यांच्याच हिशेबानं सत्त्याऐंशी. घाटंजीहून आत गेलं की जंगलाच्या कडेला आमचं गाव आहे. तिथं त्या एकट्या राहायच्या. सोबतीला एक शेळी, एक अधू पाय आणि एक बंदूक. बंदूक ठासणीची, दुनळी. म्हणजे तोंडाकडून आधी दारू, मग छर्रे, मग चिंधी, असं सगळं गजानं ठासून भरायचं. मागं दोन घोडे, आणि प्रत्येक घोड्याखाली एक इवलीशी पोकळ बोंडी. त्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची, डाळीच्या दाण्याहून थोडी मोठी. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी बोंडीच्या बारीक भोकातून आत जाते आणि बार होतो. वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारी हे एवढं कशाला समजावते आहे... समजावते, कारण मला हे सगळं अगदी नीट माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच मी ते करू शकले.

आता आडून सांगण्यात अर्थ नाही. बाईंचा पाय माझ्यामुळे अधू झाला. आणि तो स्वतःच्या चुकीनं झाला असं त्या अठ्ठेचाळीस वर्षं मानत राहिल्या, तेही माझ्याच गप्प बसण्यामुळे.

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा विशीत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. वडील यवतमाळात कचेरीत कारकून, मी इंग्रजी घेऊन मॅट्रिक पास. वेण्या दोन, चष्मा एक (नंबर नव्हता, शोभेसाठी होता), आणि खेड्यातल्या लोकांना आपण सुधारणार आहोत असा ठाम समज. त्या पोरीला आज रस्त्यात भेटले तर दोन धपाटे घालीन. पहिल्याच आठवड्यात तिनं सासरच्या माणसांना बंदुकीवरची अक्षरं वाचून दाखवली. ही बंदूक सासऱ्यांना एका इंग्रज साहेबानं जाताना दिली होती. सासरे तरुणपणी झरीकडच्या जंगलात साहेबांच्या शिकारीत हाकारे घालायचे, डबे वाजवत जनावर पुढं काढायचे. साहेबाचं नाव त्यांना कधी नीट म्हणता आलं नाही, पण घोड्याजवळच्या पत्र्यावर पळणाऱ्या कुत्र्याचं चित्र होतं आणि त्याखाली काही कोरलेलं होतं, ते साहेबाचंच नाव असणार अशी घरात श्रद्धा. मी चष्मा सावरून वाचलं, "वॉरंटेड." सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढची दोन वर्षं घरात 'वारंटेड साहेब असे होते, वारंटेड साहेब तसे होते' चाललं. शेवटी मास्तरांनी शब्दकोश उघडला. वॉरंटेड म्हणजे मालाची हमी आहे एवढंच. बनवणाऱ्यानं उठवलेला शिक्का. सासरे तोवर गेले होते, ते एक बरं झालं. बाई मात्र पुढं कधी माझ्या हातून भाजी करपली की म्हणायच्या, "वारंटेड हाय व हे."

दुसरा प्रताप दंतमंजनाचा. स्वयंपाकघराच्या कोनाड्यात कोरड्या जागी एक पत्र्याचा डबा होता, त्यात काळी भुकटी. माहेरी आम्ही काळं मंजनच लावायचो. मी चिमूटभर घेतलं आणि अंगणात उभी राहून मोठ्या टेचात दात घासायला लागले. खारट लागलं, थोडं कडू... म्हटलं, खेड्यातलं मंजन, असंच असणार. बाई गोठ्याकडून आल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि हातातली बादली खाली ठेवली.

"सुमन, चुलीजवळ जाऊ नको."

"काहून?"

"आणि हसू बी नको. दात वाजले तं उडशीन."

बंदुकीची दारू होती ती. मी थुंकले, गुळण्या केल्या, रडले. बाई भिंतीला टेकून हसत होत्या, हसता हसता खाली बसल्या. मग उठून स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं. अशा होत्या. आधी पोटभर हसायच्या, मग पुसायच्या.

बाईंना लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वैधव्य आलं आणि त्या माहेरी परत आल्या. बंदुकीचा परवाना सासऱ्यांनंतर मुलाच्या नावे व्हायचा, पण आमच्या मास्तरांना फटाक्याच्या आवाजानंही धडकी भरायची. त्यांनी कचेरीत सरळ सांगितलं, "माझ्या बहिणीच्या नावे करा, तिचा नेम चांगला आहे." कारकुनानं दोनदा विचारलं, बहिणीच्या? सासऱ्यांनी मुलीला आठव्यानवव्या वर्षापासून शिकवलं होतं. आमच्या वस्तीत एक बंदूक आहे, तीही बिलायती, ही गोष्ट गावातल्या काहींच्या डोळ्यांत फार जुनी सलत होती. आता ती एका विधवेच्या खांद्यावर दिसायला लागली. दीक्षा घेतल्यावर घरातले जुने देव नदीत गेले होते, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती, आणि बंदूक समोरच्या खुंटीवर होती तशीच. पाहुणे थट्टा करायचे. बाई म्हणायच्या, "डुकराले पंचशील कोन शिकवीन?"

आणि खरंच, त्यांनी जीव क्वचितच घेतला. पीक राखायला परवाना होता. रानडुकरांचा कळप ज्वारीत शिरला की बाई शिवारात जायच्या, एक बार हवेत, एक जमिनीत. कळप पळायचा. नुसत्या आमच्या शेतासाठी नाही, शेजारच्या कोलाम आदिवासींच्या घरांसाठी, आणि ज्यांच्या डोळ्यांत ती बंदूक सलत होती त्यांच्यासाठीसुद्धा. तेच लोक सकाळी दारात यायचे, "बाई, आमच्या तुरीत येऊन राह्यले जी, एक बार काढाल का?" बाई चप्पल घालायच्या.

बंदूक साफ करायची त्यांची एक रीत होती. गरम पाणी, मग कोरडी चिंधी, मग शिलाई मशीनचं तेल. आणि पुन्हा भरायच्या आधी नळीतलं तेल चिंधीनं ओढून काढायचं, दोन्ही बोंड्यांवर एकेक टोपी चढवायची आणि दारू न भरता नुसतीच फोडायची. याला त्या 'कोरी टोपी' म्हणायच्या. उरलंसुरलं तेल त्या ठिणगीनं जळून जातं. तेल राहिलं तर दारू भिजते, टोपी फुटते पण बार होत नाही. सासऱ्यांनी म्हणे लहानपणी त्यांना एकदा याच चुकीसाठी दिवसभर उपाशी ठेवलं होतं. "बाकी सगळं चुकन चालते," बाई मला सांगायच्या, "पण तेल ठेवून बंदूक भरनारा मानूस बंदूक धराच्या लायकीचा नाही." हे त्यांनी मला शिकवलं, मी मान डोलावली, आणि ते लक्षात ठेवलं.

मिलिंद दोन वर्षांचा होता. सुगीचे दिवस होते, डुकरं रोज येत होती, म्हणून बंदूक संध्याकाळी भरूनच खुंटीला अडकवलेली असायची. टोप्या वेगळ्या डबीत. एके दुपारी मी धान्य निवडत होते आणि मागून 'फट्' असा आवाज आला. पोरानं कुठून तरी पडलेली एक टोपी उचलली होती आणि पाट्यावर ठेवून दगडानं ठोकली होती. काही झालं नाही. अंगठा काळा झाला, तो घाबरून रडला. पण मी... मी घर डोक्यावर घेतलं. या घरात एक तर बंदूक राहील नाही तर मी. बाई शेतातून आल्या, त्यांनी पोराचा अंगठा पाहिला, फुंकर घातली, आणि म्हणाल्या, "बंदूक खुंटीवरच हाय. टोपी माह्या हातून सांडली, ते चुकलंच. पन पोट्ट्यावर नजर ठेवाची का नाही व?"

"म्हणजे मी नजर ठेवत नाही?"

"तू आरशात पाहत असशीन."

मला ते झोंबलं, कारण धान्य निवडायच्या आधी मी खरंच आरशात पाहत होते.

त्या संध्याकाळी बाईंनी बंदूक साफ केली, कोऱ्या टोप्या फोडल्या (मी दोन्ही आवाज स्वयंपाकघरातून मोजले), भरली, खुंटीला अडकवली आणि शेळी आणायला गेल्या. मास्तर शाळेतून यायचे होते. पोराच्या मालिशचं कोमट खोबरेल वाटीत होतं. मी स्टुलावर चढले, घोडे वर केले आणि दोन्ही बोंड्यांच्या भोकांत थेंब थेंब करून तेल सोडलं. एकेका भोकात सात-आठ थेंब. मग पदरानं पुसून घेतलं, चमक दिसू नये म्हणून. भीती होती, पोराची खरी भीती होती. पण ती अर्धी. उरलेला अर्धा राग होता. बार नाही झाला की बाईंचा शिवारात पचका होईल, चार लोक हसतील, आणि मग त्या स्वतःच बंदूक उतरवतील, इतकंच माझ्या मनात होतं. मोठी विज्ञान शिकलेली ना मी! डुकराचं विज्ञान माझ्या पुस्तकात नव्हतं.

सकाळी उजाडता उजाडता तुरीकडून हाका आल्या. बाई गेल्या. पिल्लांसोबतची मादी होती, ती पळाली नाही, उलटी अंगावर आली. जवळच्या शेतातल्या माणसांनी पाहिलं. बाईंनी नेम धरला, एक चाप ओढला, फट्... दुसरा ओढला, फट्... धूर नाही, बार नाही. डुकरानं त्यांना गुडघ्याशी धरलं. लोकांनी काठ्या, दगड मारून सोडवलं.

बैलगाडीतून घाटंजीला नेलं, तिथून यवतमाळला. मी पोराला कडेवर घेऊन गाडीमागं थोडं चालले, मग थांबले. पाय वाचला, पण गुडघा पुन्हा वाकला नाही. दोन महिन्यांनी बाई घरी आल्या आणि पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी बंदूक मागितली. लक्ष्मीच्या सासऱ्यानं ती तशीच आणून ठेवली होती. बाईंनी आतली दारू उकरून तळहातावर घेतली. काळा चिखल. त्यांनी ती बोटांत चोळली, आणि त्यांचा चेहरा... तो चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. दुखण्यात एकदा रडल्या नव्हत्या, तेव्हा रडल्या. "तेल राह्यलं," त्या मास्तरांना म्हणाल्या. "माह्या हातून तेल राह्यलं रे भाऊ. बा असता तं..."

मी दारात उभी होते. तेव्हा सांगितलं असतं तर? मास्तरांनी घराबाहेर काढलं असतं का? नाही वाटत. बाईंनी शिव्या दिल्या असत्या, महिनाभर बोलल्या नसत्या, मग एखाद्या दिवशी मला 'वारंटेड' म्हटलं असतं. हे आज कळतं. तेव्हा त्या चष्मेवालीला एवढंच कळलं की कोणाचा संशय नाही, आणि तिला हायसं वाटलं. हो, हायसं. लिहायचं म्हटलं तर तेही लिहायलाच हवं.

आणि मग गाव बोलायला लागलं. किराणा दुकानाच्या ओट्यावर बसणारी मंडळी, ज्यांची तूर बाईंनी वर्षानुवर्षं राखली होती, तीच मंडळी. बाई काठी टेकत पुढून गेल्या की कोणीतरी हळूच, "बाई, तेल पुसलं का?" दुसरा, "बंदूक हाय का भजे तळाची कढई?" हशा. बाई, ज्या एका शब्दात कोणाची बोलती बंद करायच्या, त्या खाली पाहून पुढं जायच्या. कारण त्यांना वाटायचं, हे खरं बोलून राह्यले. मी त्या हशाच्या टप्प्यात अनेकदा होते. एकदा हातात मिठाची पुडी होती. ती घट्ट धरून उभी राहिले. पुडी फाटली.

बाईंनी पुन्हा एकही बार काढला नाही. पण परवाना सोडला नाही, आणि बंदूकही नाही. दर रविवारी ती उतरायची, गरम पाणी, चिंधी, मशीनचं तेल, आणि परत खुंटीवर. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. बाई बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळून, काठी टेकत, एसटीनं तालुक्याच्या ठाण्यात जायच्या. नवा शिपाई विचारायचा, "आजी, बंदूक कोणाची?" "माही." "चालवता?" पूर्वी या प्रश्नावर त्यांची मान वर व्हायची. आता त्या म्हणायच्या, "नाही जी. खराब हाय. बार होत नाही." म्हणून पावतीवर दरवेळी 'नादुरुस्त' असा शेरा यायचा. बंदूक खराब नव्हती हे त्यांना माहीत होतं. आपला हात खराब आहे असं पोलिसाला सांगता येत नाही, म्हणून त्या दोष बंदुकीवर घालायच्या. आणि एवढ्यासाठीही त्यांना वाईट वाटायचं. निवडणूक सरून बंदूक परत घरी आली की त्या दिवशी तिचा लाकडी दस्ता जरा जास्तच वेळ पुसायच्या.

मी एकदा प्रयत्न केला होता. मास्तर गेले त्या वर्षी. कापूस वेचत होतो आम्ही दोघी, त्या बसून, मी उभी. मी म्हटलं, "बाई, त्या तेलाचं एक सांगायचं होतं..." त्यांनी हात वर केला. "त्या तेलाचं नाव काढू नको माह्याजवळ. तुले माहा सत्यानाश पाहूनच भागलं नाही का?" मी पुढचं झाड वेचायला लागले. आणि खोटं कशाला बोलू, त्यांनी मला गप्प केलं याचा मला आनंदच झाला. आता मी प्रयत्न केला होता, असं स्वतःला सांगता येत होतं.

शेवटची भेट त्या जाण्याच्या आठ दिवस आधीची. मी गावी गेले होते, त्यांच्यासाठी तिळाचे लाडू घेऊन. खाटेवर पडून होत्या, आवाज बारीक झाला होता. लाडू हातात घेऊन म्हणाल्या, "दातानं तुटन का हा?" मी म्हटलं, "तुमचे दात कुठं उरलेत, चोखा." हसल्या. मग छताकडे पाहू लागल्या.

"सुमन..."

"हं."

"त्या दिवशी मी कोऱ्या टोप्या फोडल्या होत्या व. दोन. मले पक्कं आठवते. बोटाले भाजलं होतं, दुसऱ्या टोपीनं." त्यांनी बोट वर करून पाहिलं, जणू अजून भाजलेलं आहे. "मंग तेल राह्यलं कसं?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. त्या घरातली मी एकटीच उरले होते जिला तो दिवस आठवत असेल, म्हणून विचारत होत्या. तू होतीस ना तिथं, तू ऐकलं असशील. मी ऐकलं होतं. दोन्ही आवाज. नुसतं 'हो, मी मोजले होते' एवढं म्हटलं असतं तरी अर्धं ओझं उतरलं असतं.

मी म्हटलं, "जुनी गोष्ट झाली बाई. दमट हवा असेल. झोपा आता."

"सुगीत दमट हवा?" त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "असंन बाप्पा. फोडल्या नसंन मीच." आणि डोळे मिटले. मी पांघरूण नीट केलं आणि दुपारच्या गाडीनं लोहाऱ्याला परत आले... सत्तरी ओलांडलेली मी, आणि पळाले.

बाईंच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला गाव जमला होता. वंदना झाली, लोक बाईंविषयी बोलले. मलाही उभं केलं. मी उभी राहिले आणि मंजनाची गोष्ट सांगितली. लोक डोळे पुसता पुसता हसले. चांगली सांगता येते मला ती, इतक्या वेळा सांगितली आहे. दुसरी गोष्ट घशाशी आली होती, पण समोरच्या सतरंजीवर किराणा ओट्यावरच्या त्या मंडळींपैकी दोघे बसले होते, आता म्हातारे, काठ्या घेऊन. त्यातल्या एकानं जेवताना हळहळून म्हटलं, "नेम चांगला होता बाईचा, एक डाव तेलानं घात केला." मी त्याच्या पानात बुंदी वाढली.

परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही, ठाण्यात जमा करावी लागते. मिलिंदनं कोणाला तरी फोटो पाठवला होता, तो फिरत फिरत पुण्याच्या एका गृहस्थांकडे गेला. जुन्या बंदुकांचे शौकीन. त्यांचा फोन आला, फार अदबीनं बोलले. टोपीच्या जमान्यातली शिकारी दुनळी, इतकी जपलेली क्वचित मिळते म्हणाले. काचेच्या कपाटात ठेवू, खाली तुमच्या नणंदेचं नाव लिहू. शेवटी विचारलं, "बार होतो का? होत नसेल तर कागदपत्रं सोपी जातील." मिलिंद म्हणाला, "नाही हो, नादुरुस्तच आहे. सगळ्या पावत्यांवर तसं लिहिलंय." त्याचा चेहरा उजळला होता. आत्याचं नाव काचेत लागणार म्हणून. मी काही बोलले नाही. हे माझं नेहमीचंच.

ठाण्यात आम्ही दुपारी गेलो. टेबलामागं एक तरुण पोलीस बाई बसली होती, तिनं मला खुर्ची दिली. लुगडं सोडलं, बंदूक टेबलावर ठेवली, ती पावती लिहायला लागली. नाव, परवाना, नळ्या दोन. मग विचारलं, "स्थिती?"

"नादुरुस्त," मिलिंद म्हणाला.

"चालू," मी म्हटलं.

"आई, सगळ्या पावत्यांवर..."

"त्या चुकीच्या आहेत."

"अगं, चालू लिहिलं तर इथंच पडून राहील कोठडीत. ते पुण्याचे लोक नाही घेणार."

"नको घेऊ देत."

पोलीस बाई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहायला लागली. तिनं आतल्या एका वयस्कर हवालदाराला हाक मारली. त्यांनी घोडे वर केले, खाली सोडले, नळीत गज टाकून पाहिला. मग मला विचारलं, "आजी, फुंकता येईल?" नळीच्या तोंडाशी तोंड लावून फुंकायचं, मागच्या भोकातून हवा आली की रस्ता मोकळा. त्यांनी मिलिंदला सांगितलं नाही, मला सांगितलं. कदाचित मीच नळी हातात धरून बसले होते म्हणून. मी फुंकलं. हवालदारांनी बोट ओलं करून बोंडीवर धरलं होतं. "येते हवा," ते म्हणाले. "दुसरी." मी दुसरीतही फुंकलं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी जिथं तेल सोडलं त्याच भोकांतून माझा श्वास बाहेर गेला, आणि मला खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेना, आणि मग मिलिंदला कळलं की हा खोकला नाही.

तिथंच सांगितलं. त्या पोलीस बाईसमोर, हवालदारासमोर. तेल मी टाकलं होतं. तुझ्या मालिशच्या वाटीतलं. मिलिंदनं टेबलावरचं लुगडं घडी घालायला घेतलं. त्याला आत्यानं त्याच अधू पायावर बसवून झुलवलं होतं, मास्तर गेल्यावर त्याच्या शिक्षणासाठी स्वतःच्या वाट्याची शेळ्यांची पिल्लं विकली होती. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "आत्याले माहीत होतं?"

"नाही."

तो उठून बाहेर गेला. खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. ते बरोबर आहे. मी त्याची समजूत काढणार नाही.

पोलीस बाईनं 'चालू स्थितीत' असं लिहिलं, सहीची जागा दाखवली. मी म्हटलं, "पोरी, आणखी एक लिही. त्या दिवशी बंदुकीत तेल बाईंच्या हातून राहिलं नव्हतं." तिनं पावती उलटसुलट करून पाहिली. खरंच पाहिली, माझ्या समाधानासाठी नाही. मग हळूच म्हणाली, "त्याला रकाना नाही, आजी."

म्हणून इथं, या पेपरात, लिहिते. गिरजाबाईंनी त्या संध्याकाळी दोन कोऱ्या टोप्या फोडल्या होत्या. मी स्वयंपाकघरातून मोजल्या. दुसरीनं त्यांचं बोट भाजलं. नळी कोरडी होती, भरलेली नीट होती, आणि सकाळी नेमही बरोबर होता. आमच्या गावात हा पेपर दुपारच्या गाडीनं येतो आणि किराणा दुकानाच्या ओट्यावर वाचला जातो. तिथल्या त्या हसणाऱ्यांतले आता दोघंच उरले आहेत, आणि दोघांनाही नीट दिसत नाही. कोणीतरी त्यांना हे मोठ्यानं वाचून दाखवावं.